कवडीचुंबकाचे फिडल

रंगभूमीवरचा कंजूष आपल्याला नवा नाही. मोलियरच्या नाटकातला म्हातारा कृपण देशोदेशी फिरत अखेर आचार्य अत्र्यांच्या हाती लागला आणि 'कवडीचुंबक' या नावाने मराठी झाला. त्याला पाहून आपण पोट धरधरून हसलो, आणि हसताना प्रत्येकाला आपल्या आळीतला, नात्यातला, फार काय आरशातलाही एखादा गृहस्थ आठवला. फ्रेंच माणसे चिक्कू असतात, असे मात्र त्याच्यावरून कोणी म्हटले नाही. परंतु युरोपच्या रंगभूमीवर पैशाचा दुसराही एक लोभी उभा होता, शेक्सपिअरचा शायलॉक. त्याला पाहून लोक हा एक माणूस असा आहे एवढ्यावर थांबले नाहीत. ही सारी जातच अशी, असे म्हणत घरी गेले. आम्हीही तुमच्यासारखी हाडामांसाची माणसे आहोत हे सांगणारे जे भाषण कवीने शायलॉकच्या तोंडी घातले आहे, ते कॉलेजातल्या मुलांनी पाठ केले. लोकांच्या ध्यानात राहिले ते मात्र ते पौंडभर मांस.

आपल्या मराठी मुलखात यहुदी म्हटल्यावर सावकार डोळ्यांपुढे येत नाही. कोकणातले बेने इस्रायल तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. ते मराठी बोलले, पलटणीत गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या धर्मग्रंथांतील आख्याने लावून मराठीत कीर्तनेही केली. तेव्हा यहुदी म्हणजे लोभी हे समीकरण आपले नव्हे. पण म्हणून आपण फार शहाणे ठरतो असेही नाही. मारवाड्याची सोंगे आपल्या फार्सांनी काही कमी आणली नाहीत. आणि आपल्यासारखी परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली जी घराणी आहेत, त्यांच्या बोलण्याच्या हेलाची नक्कल शेजाऱ्यांच्या घरी कधी झालीच नसेल, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे!

अमेरिकेत एका यहुदी नटाने तेहतीस वर्षे कंजुषाचेच सोंग घेतले. जो दोष त्याच्या जातभाईंच्या माथी शतकानुशतके मारला गेला, तोच त्याने आपणहून अंगावर चढवला आणि साऱ्या देशाला हसवले. हे धाडस होते की शरणागती, हा प्रश्न त्याच्या हयातीत निघाला आणि आजही मिटलेला नाही. त्या नटाचे नाव जॅक बेनी.

त्याचे खरे नाव बेंजामिन कुबेल्स्की. जन्म 14 फेब्रुवारी 1894 रोजी शिकागोत झाला, पण वाढला तो मिशिगन सरोवराकाठच्या वॉकीगन गावात. वडील मेयर कुबेल्स्की पोलंडातून आलेले, आई लिथुआनियाकडची. वडिलांनी आधी दारूचा गुत्ता चालवला, पुढे पुरुषांच्या कपड्यालत्त्याचे दुकान घातले. पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी घरांत त्या काळी एक मोठी आस असे. पोराने फिडल हाती धरावे आणि नाव काढावे. पुढे मिशा एल्मन, याशा हायफेट्झ यांच्यासारखे जगद्विख्यात वादक याच समाजातून निघाले, तेव्हा ती आस काही वेडी नव्हती. सहाव्या वर्षी बेंजामिनच्या हाती फिडल आले.

पोराला हात होता, बैठक नव्हती. आम्हा शिकवणाऱ्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा असतो. गुरूने वाजवलेली जागा एकदा ऐकून हुबेहूब उतरवणारा, पण पलटे घोटायला बसवले की खिडकीबाहेर पाहणारा. शाळेतही तेच. तिथून त्याला काढून टाकले, वडिलांच्या दुकानात बसवले तर तिथेही निभाव लागेना. अखेर सतराव्या वर्षी गावच्या थिएटरातल्या वाद्यवृंदात आठवड्याला आठ-एक डॉलरांवर तो फिडल वाजवू लागला. त्याच थिएटरात मार्क्स बंधूंचा खेळ आला. त्यांच्या मातोश्रींना पोराचा हात आवडला आणि तिने त्याला कायमचा साथीदार म्हणून बरोबर नेण्याची गोष्ट काढली. आईबापांनी साफ नाही म्हटले. पुढच्याच वर्षी, 1912 साली, कोरा सॅलिसबरी नावाच्या प्रौढ पियानोवादिकेबरोबर तो दौऱ्यावर निघाला तेव्हा मात्र त्यांनी अडवले नाही.

आता नावाची कथा. बोहेमियाचा यान कुबेलिक हा त्या वेळचा नामांकित फिडलवादक. तमाशाघरांतून कुबेल्स्की नावाचे एक पोर फिडल वाजवीत हिंडते हे कळताच त्याने हरकत घेतली; नावातल्या सारखेपणाने आपल्या लौकिकाला बट्टा लागेल म्हणून. कुबेल्स्कीचा बेन के. बेनी झाला. काही वर्षांनी बेन बर्नी या दुसऱ्या गप्पिष्ट फिडलवाल्याने तक्रार केली, तेव्हा बेन जाऊन जॅक आला. दोन्ही वेळा कारण धंद्याचे होते. पण परिणाम पाहा: ऐकताक्षणी यहुदी वाटणारे नाव गेले आणि कोणत्याही अमेरिकन शेजाऱ्याचे शोभेल असे नाव राहिले. या योगायोगाने त्याच्या पुढच्या सबंध कलेला वाट करून दिली, असे मला वाटते.

कारण ज्या व्हॉडव्हिल रंगभूमीवर, म्हणजे गाणी, नकला, कसरती यांच्या मिश्र खेळांत, तो वाढला, तिथे यहुद्याचे सोंग ठरीव असे. कानांपर्यंत ओढलेली गोल टोपी, चिकटवलेली दाढी, मेणाचे लांब नाक, तुटक इंग्रजी आणि सदा पैशाची घासाघीस. आयरिश, जर्मन, निग्रो यांचीही अशीच ठोकळेबाज सोंगे असत. यहुद्याचे सोंग पुष्कळदा यहुदी नटच घेत, कारण बिदागी त्यातच मिळे. यहुदी समाजाला हे झोंबू लागले होते. शिकागोत 1913 साली अशा सोंगांविरुद्ध समितीसुद्धा उभी राहिली. जॅक त्याच रंगभूमीवर उभा होता, पण त्याने दाढी लावली नाही, टोपी ओढली नाही. नीटनेटक्या पोशाखात, काखेत फिडल धरून, तो हळू आवाजात स्वतःबद्दल बोले. पहिल्या महायुद्धात तो आरमारात होता. शिकागोजवळच्या तळावर एका संध्याकाळी खलाशांपुढे भावपूर्ण वादन चालले असता हुर्यो सुरू झाली. त्याने गज थांबवला आणि बोलायला लागला. खलाशी हसले. पुढील आयुष्यभर फिडल हातात राहिले, पण वाजवण्यापेक्षा न वाजवण्यासाठीच अधिक.

1927 साली त्याने सेडी मार्क्स या तरुणीशी लग्न केले. लॉस एंजिलिसच्या एका मोठ्या दुकानात ती पायमोजे विकत असे. पुढे रेडिओवर मेरी लिव्हिंग्स्टन या नावाने तिने नवऱ्याची भरपूर फिरकी घेतली. 2 मे 1932 रोजी जॅकचा स्वतःचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. थोड्याच वर्षांत रविवारी संध्याकाळी सातला अमेरिकेतले बिऱ्हाड न्‌ बिऱ्हाड त्याच्यासाठी रेडिओभोवती बसू लागले.

ते दिवस कसले होते हे ध्यानी घेतले पाहिजे. मोटारींचा राजा हेन्री फोर्ड याने 1920 पासून काही वर्षे आपल्या वर्तमानपत्रातून यहुद्यांविरुद्ध लेखमाला चालवली होती. सारा पैसा यांच्या मुठीत, सारी कारस्थाने यांची, हा तिचा सूर. 1930 नंतरच्या दशकात कॉफलिन नावाचा एक कॅथलिक पाद्री रेडिओवरूनच तसले विष पेरू लागला, आणि त्याला लक्षावधी श्रोते होते. तिकडे जर्मनीत तर सत्ताच त्या विषावर उभी राहिली. अशा वेळी त्याच रेडिओवर एक यहुदी नट सांगतो की मी पैशाला प्राणापलीकडे जपतो. कानाला सुरी वाटावी अशी ही गोष्ट.

पण त्याचा कंजूष शायलॉकच्या कुळातला नव्हता. तो दुसऱ्याला लुबाडत नाही, व्याज लावत नाही, कोणाचे वाईट चिंतत नाही. तो स्वतःच फजीत होतो. घरात तळघराखाली तिजोरी. तिथे जायला साखळ्या, कुलुपे, घंटा, आणि शेवटी एक पहारेकरी, ज्याने वर्षानुवर्षे उजेड पाहिलेला नाही आणि वर कोणते युद्ध चालू आहे याचाही ज्याला पत्ता नाही. दाराशी मॅक्सवेल नावाची खटारा मोटार. तिचा खोकला आणि उचक्या मेल ब्लँक हा नकलाकार तोंडाने काढी. वय कायम एकोणचाळीस. निळ्या डोळ्यांचा गर्व. नोकर, बायको, गायक, निवेदक, सारे त्याला टोमणे मारीत आणि धन्यावरच हशा उसळे. त्या काळी विनोदाचा राजा स्वतः चटकदार वाक्ये बोले आणि भोवतालच्यांना मूर्ख बनवी. जॅकने चांगली वाक्ये दुसऱ्यांना वाटून टाकली आणि स्वतः मूर्ख झाला. कंजुषाच्या सोंगात इतका उदारपणा दुसऱ्या कोणी दाखवला असेल असे वाटत नाही.

28 मार्च 1948 चा त्याचा एक प्रवेश प्रसिद्धच आहे. रात्रीच्या रस्त्यावर दरोडेखोर त्याला गाठतो आणि पैसा टाक नाहीतर प्राण, असे दरडावतो. जॅक गप्प. रेडिओवर मौन म्हणजे पोकळी; पण त्या पोकळीत श्रोते हसू लागतात आणि हसू वाढत जाते. दरोडेखोर चिडून पुन्हा विचारतो, तेव्हा जॅक त्याच्यावरच खेकसतो की विचार करतो आहे ना! ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. मी ते ऐकतो तेव्हा मला कसलेल्या गवयाची आठवण होते. सम आली हे सगळ्यांना कळलेले असते, तबलजीची मान हलू लागलेली असते, आणि हा मात्र ती जरा लांबवतो. हे धैर्य सोळा वर्षांच्या ओळखीतून आलेले होते. त्या क्षणी हसणाऱ्या माणसाच्या मनात यहुदी जात नव्हती. जॅक होता, आणि बहुधा तो स्वतःही होता.

फिडलचे पात्रही त्याने असेच घडवले. 'लव्ह इन ब्लूम' या गोड चालीचा त्याने सुरू करताक्षणी खून करावा, हा ठरलेला खेळ. 1936 च्या अखेरीस फ्रेड ॲलन या दुसऱ्या विनोदकाराने आपल्या कार्यक्रमात एका दहा वर्षांच्या मुलाकडून फ्रान्स्वा शुबर्टची 'मधमाशी' ही जलद गत वाजवून घेतली आणि जॅकला टोमणा मारला. त्यातून दोघांचे जे लटके भांडण जुंपले ते कित्येक वर्षे पुरले. वास्तविक दोघे एकमेकांचे चाहते. पुढे जॅकच्या कार्यक्रमात ल ब्लाँ नावाचे शिक्षक आले. मेल ब्लँकच त्यांचा आवाज देई. जॅक क्रॉयत्सरचा धडा खरवडतो आहे आणि हे गरीब गुरुजी शिकवणीच्या पैशांसाठी जीव मुठीत धरून ऐकताहेत. हे प्रवेश ऐकून मला हसू येते, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस थोडे कमी येते.

पण कान देऊन ऐका. त्याचा बेसूरपणा अंदाधुंद नाही. स्वर नेमका एखाद्या श्रुतीने उतरतो, गज नेमका नको तिथे अडखळतो, आणि चाल ओळखू येईल इतपत सूर प्रत्येक वेळी शाबूत राहतो. ज्याला सूर दिसत नाही त्याला असे चुकता येणार नाही. त्याच्या कंजूषपणाचेही तेच होते; ज्याला उदारपणा कळतो तोच त्यातून इतके मापाने उतरतो. खाजगीत तो सढळ हाताचा होता आणि हॉटेलातल्या नोकरांना मुद्दाम जास्त बक्षिशी देई, नाहीतर सोंग खरे मानले जाण्याची भीती.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. रेडिओवरचा जॅक यहुदी आहे, असे कार्यक्रमात कोणी म्हणत नसे. तो नाताळच्या खरेदीला जाई आणि स्वस्तातल्या भेटवस्तूसाठी दुकानदाराला वेड लावी. हा त्याचा दरसालचा लोकप्रिय प्रवेश. खरा यहुदी कोण हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला ठाऊक होते, पण पात्राच्या अंगावर ती खूण नव्हती. आणि त्याच वेळी त्याच्या कार्यक्रमात श्लेपरमन, पुढे 1946 पासून किट्झल, अशी उघड यहुदी पात्रे येत, हेल काढून बोलत, हशा घेऊन जात. किट्झल प्रेमळ होता, कंजूष मुळीच नव्हता. तरी हेल त्याच्याकडे आणि स्वच्छ इंग्रजी धन्याकडे, ही वाटणी डोळ्यांत भरतेच. टीकाकार म्हणतात की जॅकने जातीवरचा आरोप पुसला नाही, फक्त जात लपवली. हे अगदीच खोटे नाही. मला एवढेच दिसते की त्याने उलट क्रमाने काम केले. शायलॉक आधी यहुदी आणि मग लोभी होता. जॅक आधी तुमच्या ओळखीचा चिक्कू झाला, तुमच्या दिवाणखान्यात बसला, लाडका झाला. मग तो यहुदी आहे हे कळले तरी त्याला परत ढकलणे अवघड होते.

ही तारेवरची कसरत एकदा कोसळली असती. 1939 साली जकात चुकवून आणलेल्या दागिन्यांच्या खटल्यात तो सापडला. पत्नीसाठी घेतलेले दागिने दुसऱ्याने आणून दिले होते. त्याने गुन्हा कबूल केला, दहा हजार डॉलर दंड भरला. कैदेची शिक्षा तहकूब राहिली. सोंगातला लोभ आणि कोर्टातला आरोप एकमेकांना भेटले तर काय होईल, ही धास्ती त्याला किती पडली असेल! श्रोत्यांनी त्याला सोडले नाही.

यहुदी प्रश्नाशी तो उघड भिडला तो एका चित्रपटात. 'टू बी ऑर नॉट टू बी' 1942 च्या आरंभी पडद्यावर आला. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच हा बर्लिनचा यहुदी. नायिका कॅरोल लोम्बार्ड चित्रपट लागण्याआधीच, जानेवारीत, विमान अपघातात गेली. जॅक त्यात वॉर्सातला एक आत्मप्रौढ नट झाला आहे. नाझींचा वेढा पडल्यावर ही नाटकमंडळी नाझींचीच सोंगे घेऊन त्यांना बनवते. तेव्हा पुष्कळांना हा विनोद अघोरी वाटला. जॅकचे म्हातारे वडील तर मुलगा नाझी गणवेशात दिसताच उठून बाहेर पडले. मुलाने समजावले की मी त्यांच्या विरुद्ध बाजूचा आहे, तेव्हा ते पुन्हा गेले, आणि मग कितीदा गेले याला गणती नाही.

त्याच चित्रपटात ग्रीनबर्ग नावाचा एक दुय्यम नट आहे. भाला धरून मागे उभे राहण्यात जन्म गेलेला. मनात एकच इच्छा, कधीतरी शायलॉक करायला मिळावा. शेवटी ती संधी येते ती रंगमंचावर नव्हे, नाझी शिपायांच्या गराड्यात, सोंगातल्या हिटलरसमोर. तो शायलॉकचे ते भाषण म्हणतो, पण त्यात ज्यू हा शब्द नाही. त्या जागी आम्ही आहे. लुबिचने तो शब्द का गाळला असेल यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तो जॅकच्या रेडिओवरच्या मौनाचा सख्खा भाऊ वाटतो. शब्द गाळला की ऐकणारा तो मनात भरतो, आणि स्वतःही त्या आम्हीत जाऊन बसतो. फेलिक्स ब्रेसार्ट या नटाने ते भाषण विनोदाची एक रेघही न ओढता म्हटले आहे. विनोदी चित्रपटात ते ऐकताना घसा दाटतो.

युद्ध संपले आणि छावण्यांची हकीकत बाहेर आली. त्यानंतर जॅकने स्वतःच्या घराकडेही पाहिले. त्याचा रेडिओवरचा नोकर रॉचेस्टर, म्हणजे एडी अँडरसन हा कृष्णवर्णी नट, 1937 पासून त्याच्याबरोबर होता. पात्र धन्याहून हुशार, पण त्याच्या विनोदात फासे, दारू, वस्तरा अशा ठरीव गोष्टी येत. त्या आता काढून टाकायच्या असे जॅकने लेखकांना बजावले. 1950 साली एक जुनी संहिता पुन्हा वापरली गेली तेव्हा तक्रारी आल्या. म्हणजे सवय सहजी सुटत नाही. तरी स्वतःच्या जातीवरून शिकलेला धडा दुसऱ्याच्या जातीला लावणारे विनोदकार तेव्हा थोडेच होते.

रेडिओचा कार्यक्रम 1955 पर्यंत चालला, टेलिव्हिजनवरचा 1950 ते 1965. वॉकीगनने 1961 साली एका शाळेला त्याचे नाव दिले, ज्या गावात त्याला शाळेतून काढले होते तिथेच. साठीत आल्यावर त्याने फिडल पुन्हा मनापासून हाती घेतले आणि 1956 पासून मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर मदतीचे जलसे केले. वृंद उत्तम वाजवी, जॅक मध्ये उभा राहून फजीत होई, मागच्या रांगेतला वादक उठून त्याच्याहून चांगले वाजवून दाखवी. या बेसूर फिडलने वाद्यवृंदांसाठी आणि सभागृहांसाठी लक्षावधी डॉलर जमा केले. आयझॅक स्टर्नसारखा थोर वादक त्याचा स्नेही होता. बापाची ती जुनी आस अशा वाकड्या वाटेने फळाला आली.

26 डिसेंबर 1974 रोजी कर्करोगाने तो गेला. वय ऐंशी, रेडिओच्या हिशेबाने एकोणचाळीस. त्याच्यापाशी स्ट्रॅडिव्हेरियस फिडल होते, ते त्याने लॉस एंजिलिसच्या फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाला देऊन ठेवले होते. आणि मृत्युपत्रात एक तरतूद निघाली. मेरी जिवंत असेतो तिला दररोज लांब देठाचे एक लाल गुलाबाचे फूल घरी पोचते व्हावे. मेरी 1983 साली वारली.